मोटारसायकलच्या मागील धारव्यांची झीज व तिची परीक्षा

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस, अंबड व घनसावंगी तालुक्यांत, गोदाकाठची भारी काळी जमीन आहे. उत्तरेस भोकरदन व जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांलगतचा मुरमाड प्रदेश लागतो. दोन्हीकडील पाणंद रस्त्यांवर बैलगाडीच्या चाकोरीतून आज मोटारसायकल धावते. अशा वाहनाची मागील बाजू वळणावर डोलू लागली किंवा खड्ड्यात खटखट वाजू लागली, म्हणजे दोष बहुधा शॉकॲब्सॉर्बरच्या माथी मारला जातो आणि तो महागडा भाग बदलला जातो. वास्तविक दोष पुष्कळदा त्याच्या शेजारच्या एखाद्या लहानशा धारव्यात, म्हणजे व्यवहारात ज्यास बेअरिंग म्हणतात त्या भागात, असतो. तो नेमका कोठे आहे हे केवळ हाताने ओळखता येते.

मागील चाक ज्या दुहेरी दांड्यात बसते, त्यास कारागीर चिमटा म्हणतात. चिमट्याचे पुढील टोक सांगाड्यात एका खिळीवर बसविलेले असून त्या खिळीभोवती तो खालीवर हलतो. साध्या मोटारसायकलीत चिमटा आणि सांगाडा यांमध्ये दोन शॉकॲब्सॉर्बर असतात व खिळीपाशी बहुधा बुश असतात. खडतर रस्त्यांसाठी बनविलेल्या पुष्कळ गाड्यांत मात्र एकच शॉकॲब्सॉर्बर असून तो लहान दुव्यांच्या साखळीने चिमट्यास जोडलेला असतो. ही रचना १९८०च्या सुमारास शर्यतीच्या गाड्यांतून पुढे आली. भारतात २०१६ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनमध्येही ती होती. दुव्यांच्या सांध्यांत सुईसारख्या बारीक रुळांचे धारवे बसविलेले असतात.

हे धारवे चाकाच्या धारव्याप्रमाणे पूर्ण फेरा घेत नाहीत. ते थोड्याशा कोनात मागेपुढे हलतात आणि भार नेहमी त्याच त्या रुळांवर पडतो. त्यामुळे तेथील वंगण बाजूस सरते व परत येत नाही. त्यातच काळ्या मातीचा चिखल सांध्याभोवती बसून ओल धरून ठेवतो, मुरमाची बारीक कच रबरी कडीखालून आत शिरते आणि गाडी जोराच्या पाण्याने धुतली असता उरलेले ग्रीसही निघून जाते. मग पोलाद गंजते व रुळांचे चरे आतील नळीवर उमटतात.

परीक्षेपूर्वी सर्व बोल्ट घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे. कारण सैल बोल्टही झिजेचा भास निर्माण करतो. नंतर गाडी डबल स्टँडवर किंवा सांगाड्याखाली भक्कम ठोकळा देऊन अशी उभी करावी, की मागील चाक अधांतरी राहील. टेकू चिमट्याखाली देऊ नये. चाक जमिनीवर असता गाडीच्या भाराने सांधे एका बाजूस दाबलेले राहतात व ढिलेपणा झाकला जातो.

प्रथम चाक मागून धरून हलकेच वर उचलावे. स्प्रिंग दबू लागण्यापूर्वीच ते टक् करून वर आले, तर दोष शॉकॲब्सॉर्बरच्या टोकांत किंवा दुव्यांत असतो. दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवावे. जेथे दोन भाग परस्परांपासून सरकताना जाणवतील तोच दोषी सांधा होय. रबरी बुश थोडा दबून पूर्ववत होतो, ते स्वाभाविक आहे. झिजलेल्या सांध्यात मात्र मोकळा टोला जाणवतो.

त्यानंतर चिमट्याची मागील टोके धरून डावीउजवीकडे ढकलावीत. सांगाडा स्थिर राहून चिमटा हलला, तर खिळीचे धारवे झिजले आहेत. चिमटा स्थिर असून चाक तेवढे डुलत असेल, तर दोष चाकाच्या धारव्याचा समजावा. खिळीजवळची अल्प झीज चाकापाशी वाढून दिसते. खिळीवरील दोन आधारांत २० सेंमी. अंतर व चिमट्याची लांबी ५० सेंमी. मानल्यास, एका आधाराशी पाव मिलिमीटर ढिलेपणा असता चाकाच्या आसाशी तो ०.६ मिमी.हून अधिक होतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ढिलेपणा नाही, एवढ्यावरून धारवा निरोगी ठरत नाही. गंजून धरलेल्या धारव्यात ढिलेपणा मुळीच आढळत नाही. मात्र चिमटा अडखळत हलतो व गाडी कडक लागते. म्हणून शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढून, चाक उतरवून, चिमटा हाताने खालीवर फिरवावा. तो सोडताच स्वतःच्या वजनाने सुरळीत खाली आला पाहिजे. मध्येच अडला किंवा हातास खाचा जाणवल्या, तर धारवा उघडावा. तांबूस झालेले ग्रीस ही गंजाची खूण होय.

नुसता बोल्ट आवळून हा दोष जात नाही. सुईरुळांच्या सांध्यात बोल्ट आतील नळीस आवळतो. रूळ व नळी यांमधील वाढलेले अंतर त्याने कमी होत नाही. नळीवरून नख फिरविता ते चऱ्यात अडकले, तर धारवा, नळी व रबरी कड्या एकत्रच बदलाव्यात, कारण चरे पडलेली जुनी नळी नव्या रुळांस लवकर खाते. सांधे चांगले आढळल्यास ते पुसून पाण्याने न धुपणारे ग्रीस भरणे पुरते. पावसाळा संपून पाणंदीतला चिखल वाळला, की ही परीक्षा करण्याचा योग्य समय होय. तेव्हा एका दुपारच्या श्रमात गाडीचा तोल सुरक्षित राहतो आणि चांगला शॉकॲब्सॉर्बर विनाकारण टाकून देण्याचा खर्च वाचतो.