वांग्यावरचा ठिपक्यांचा किडा शत्रू की मित्र? फवारणीआधी पान उलटून बघा

जव्हार / मोखाडा : पावसाने उघडीप दिली की परसबागेत, वेलाच्या मांडवावर, वांग्या-मिरचीच्या ओळीत नवेनवे किडे दिसायला लागतात. ओळखीचा नसला की तो कीडच असणार, असं धरून दुकानातून औषध आणलं जातं. पैसे जातात, आणि पुष्कळदा मरतो तो पिकाची राखण करणारा किडा. नाव नाही कळलं तरी चालेल. तो खातोय काय, हे मात्र फवारणीआधी बघायलाच हवं.

दिसायला सारखे, काम उलटं

सगळ्यात जास्त गफलत होते ती ठिपक्यांच्या गोल भुंगेऱ्यांत. लाल-केशरी, गुळगुळीत, चकचकीत अंगाचा आणि थोड्या ठिपक्यांचा किंवा काळ्या नागमोडी पट्ट्यांचा असतो तो ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड. तो मावा खातो. त्याची अळी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, बारक्या मगरीसारखी दिसते. लोक तिलाच घाबरून मारतात, पण मावा फस्त करण्यात तीही मागे नसते.

दुसरा एपिलॅक्ना भुंगेरा. रंग तांबूस पण मळकट, अंगावर बारीक लव, ठिपके १२ किंवा २८. त्याची अळी पिवळी आणि काटेरी. हे दोघेही पानाचा हिरवा भाग खरवडून खातात आणि मागे शिरांची जाळी ठेवतात. वांगं, कारलं ही यांची आवडती.

अंडी दोघांचीही पिवळी, पुंजक्यात घातलेली. अशा वेळी शेजारी मावा आहे की पान खरवडलेलं आहे, हे पाहिलं म्हणजे उलगडा होतो.

ही चिन्हं दिसली तर हात आवरा

- पानाखाली केसासारख्या देठावर उभं असलेलं एकेक बारीक अंडं : हे क्रायसोपाचं. त्याची अळी मावा खाते.
- अळीच्या अंगावर किंवा बाजूला तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे कोष : त्या अळीला गांधीलमाशीच्या जातीच्या बारक्या किड्याने आतून पोखरलं आहे. तिला तशीच राहू द्या.
- कोळी, चतुर, प्रार्थना कीटक : हे किडे खाऊन जगतात, पिकाला हात लावत नाहीत.

झाडावर मुंग्यांची रांग लागली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे का, ते तपासा. त्यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात.

मारायचं कधी?

दोन-चार पानांना भोकं पडली म्हणून उत्पन्न घटत नाही. नवीन पानांवर नुकसान रोज वाढत असेल तरच उपाय करावा. एपिलॅक्नाची अंडी, अळ्या, भुंगेरे हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकले तरी परसबागेत काम भागतं. गरज पडली तर ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून घ्यायच्या.

वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा अळी आत शिरलेली असते. वरून मारलेलं औषध तिथवर नीट पोचत नाही. असा शेंडा तोडून नष्ट करावा. काकडी-भोपळ्याला सकाळी फुलं उमललेली असताना फवारलं तर मधमाश्या मरतात आणि फळ धरत नाही.

परसबागेतली भाजी आज तोडली की आजच चुलीवर जाते. म्हणून रासायनिक औषध मारलंच, तर डब्यावर लिहिलेले दिवस थांबूनच तोडणी करावी.

उसाचा धडा

२००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि राज्यात पसरला. उंच उसात फवारणी अवघड. तिथे डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे किडे कामाला आले. ते जपले, एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन सोडले, तेव्हा मावा आटोक्यात आला.

ओळख पटत नसेल तर

मोबाईलवर तीन फोटो काढा : किड्याचा जवळून, पानाच्या खालच्या बाजूचा आणि पूर्ण झाडाचा. आकार कळावा म्हणून शेजारी काडेपेटीची काडी ठेवा. फोटो गावच्या कृषी सहायकांना दाखवा किंवा डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या नंबरवर फोन करायला पैसे लागत नाहीत. केसाळ अळीला उघड्या हाताने शिवू नका, अंगाला खाज सुटते.