नियम एकच बदलायचा

सामाजिक कादंबरी किंवा चरित्र वाचणाऱ्याला आपल्याकडे कुणी जाब विचारत नाही. विज्ञानकथा, अद्भुतकथा वाचणाऱ्याला मात्र ‘यात खरं काय असतं?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. अलीकडे मी अशा तीन कलाकृती वाचल्या. त्या वाचताना मनात काय आलं, ते सांगता सांगता या प्रश्नाचं उत्तर शोधू या.

या कथांमध्ये वाटेल ते घडतं, असा अनेकांचा समज असतो. चांगल्या कथेत तसं होत नाही. लेखक आपल्या ओळखीच्या जगातला एखादाच नियम बदलतो आणि त्या बदलाशी शेवटपर्यंत इमान राखतो. विज्ञानकथेत तो बदल विज्ञानाच्या वाटेनं येतो, अद्भुतकथेत मंत्राच्या. पत्त्यांच्या डावात हुकूम एकदा ठरला की मध्येच बदलता येत नाही, तसंच हे आहे.

पहिलं उदाहरण घरचंच. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, हे तुम्हाला ठाऊक असेल. २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा मी त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ पुन्हा काढून वाचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. कारण एवढंच, की विश्वासरावांना लागायची ती गोळी थोडक्यात हुकली. ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ असं आपण सहज बोलून जातो. इथे तो विश्वासच जिवंत राहतो. तरुणपणी ही कथा वाचली, तेव्हा लढाई जिंकल्याचाच आनंद झाला होता. या वेळी गंगाधरपंतांकडेच अधिक लक्ष गेलं. जिंकलेल्या जगात पोचूनही ते जल्लोष करत बसत नाहीत. ते ग्रंथालय गाठतात, इतिहास नेमका कुठे वळला ते पान शोधतात. अभिमान आणि अभ्यास यांतलं अंतर मला या कथेत कुठल्याही व्याख्यानापेक्षा स्पष्ट दिसलं.

दुसरी कलाकृती अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांची कादंबरी, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. ती १९६८ मध्ये, म्हणजे हॅरी पॉटरच्या जवळजवळ तीस वर्षं आधी आली. तिच्यातही जादू शिकवणारी शाळा आहे. अर्थसी हा बेटांचा प्रदेश, आणि तिथला नियम असा, की ज्याचं खरं नाव ठाऊक, त्याच्यावर सत्ता चालते. म्हणून प्रत्येकाचं खरं नाव गुप्त असतं, व्यवहारात दुसरंच वापरतात. हे वाचताना मला परकं असं काही वाटेना. आपल्याकडे पत्रिकेतलं नाव वेगळं, पाळण्यातलं वेगळं, हाक मारायचं वेगळं. माझ्या आईचं माहेरचं नाव लग्नात बदललं. ते जुनं नाव घेऊन तिला हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं, तेव्हा तिचा चेहरा कसा झाला होता, ते मला या कादंबरीमुळे नव्यानं आठवलं. कादंबरीचा नायक गेड हा बुद्धिमान पण गर्विष्ठ मुलगा. ईर्ष्येपोटी तो नको ती शक्ती जागी करतो आणि त्यातून एक काळी सावली त्याच्या मागे लागते. तो बेटामागून बेट पळत सुटतो. शेवटी गुरूच्या सांगण्यावरून तोच उलटा तिचा पाठलाग करतो आणि तिला नाव देतो ते स्वतःचं. मी हे पुस्तक मिटवून बराच वेळ तसाच बसून होतो.

तिसरी कथा टेड चियांग यांची, ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’. ती १९९८ ची; तिच्यावरून २०१६ मध्ये ‘अरायव्हल’ हा चित्रपट निघाला. परग्रहावरून आलेल्या जीवांची भाषा शिकायला एका भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं जातं. त्या जीवांच्या लिपीत वाक्य कसं संपणार हे आधी ठाऊक असल्याशिवाय पहिली रेघही ओढता येत नाही. ती लिपी शिकता शिकता बाईंनाही पुढचं दिसू लागतं. आपल्याला मुलगी होणार आणि ती ऐन तारुण्यात अपघातात जाणार, हे त्यांना कळतं. तरीही त्या त्या मुलीची आई होतात.

माझा धाकटा भाऊ सव्विसाव्या वर्षी गेला. त्यानंतर कितीतरी दिवस घरात ‘आधी कळलं असतं तर’ एवढंच अर्धं वाक्य फिरत असे. ते पूर्ण करायची कुणाची हिंमत नव्हती. या कथेनं ते माझ्यापुरतं पूर्ण केलं. आधी कळलं असतं, तरी ती सव्वीस वर्षं आम्हाला हवीच होती. हे मला कुणी सांत्वनाला येऊन सांगितलं असतं, तर कदाचित रागच आला असता. परग्रहावरच्या लिपीच्या आडून आलं म्हणून ते ऐकून घेता आलं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. यात खरं काय असतं? प्रसंग खरे नसतात, पण नियम बदलल्यावर माणूस कसा वागतो, ते खरं असतं. जिंकलेल्या पानिपतात अभ्यासक अभ्यासकच राहतो. मंत्र येणाऱ्या मुलालाही स्वतःपासून पळता येत नाही. भविष्य कळलेली आई आईच होते. रोजच्या जगात सवयीमुळे या गोष्टींकडे आपलं लक्ष जात नाही. नियम हलला, की त्या उघड्या पडतात.

अशा कथांची सवय नसेल, तर जाडजूड कादंबरीपासून सुरुवात करू नका. नारळीकरांची कथा एका बैठकीत वाचून होते. वाचून झाली, की घरातल्या कुणालाही विचारा, ‘एकच गोष्ट बदलता आली, तर कोणती बदलशील?’ माझ्या घरी या प्रश्नावर रात्रीचं जेवण दोन तास चाललं.