‘अ‍ॅडमिन’शिवाय अडणारा प्रोग्रॅम
जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यासारख्या गावात, दाखल्यांचे अर्ज भरणाऱ्या संगणकावर जुना मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम उघडेना, की ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा तोडगा ठरलेला. काम भागतं, दुखणं राहतं. विंडोज एक्सपीच्या काळातले कित्येक प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच लिहीत, २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने अ‍ॅडमिन खात्यातले प्रोग्रॅमही एरवी साध्या अधिकारांनीच चालवून त्यांना तिथे मज्जाव केला. तेव्हा अडचण बहुधा लिहिण्याच्या परवानगीची असते, आणि ती त्या एका फोल्डरपुरती देता येते. संगणक आपलाच, मग पूर्ण अधिकार दिले तर बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. पण त्या प्रोग्रॅममध्ये व्हायरस शिरला, तर त्यालाही तेच अधिकार आयते मिळतात. शिवाय एक्सेल ‘अ‍ॅडमिन’ म्हणून आणि टायपिंगचा प्रोग्रॅम साधा उघडला, तर अक्षरं उमटेनाशी होऊ शकतात: कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमने वरच्याच्या खिडकीत कळा दाबू नयेत, हाही व्हिस्टाचाच नियम.