एक शहर, दोन विद्यापीठे : लखनौमधील निवडीचे अर्थशास्त्र

लखनौच्या दक्षिणेकडील अमौसी हा भाग बाहेरगावच्या लोकांना विमानतळामुळे ठाऊक असतो. तेथे राहणाऱ्या आणि अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे सामान्यतः दोन पर्याय येतात. गोमतीच्या उत्तर तीरावरील लखनौ विद्यापीठ हा पहिला आणि रायबरेली मार्गावरील बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ हा दुसरा. पहिले राज्य विद्यापीठ आहे, दुसरे केंद्रीय. ‘केंद्रीय म्हणजे अधिक चांगले’ हा समज सार्वत्रिक आहे. तो तपासून पाहावयास हवा.

या भेदाचे मूळ राज्यघटनेत आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आला. उच्च शिक्षणाच्या दर्जाचे समन्वयन मात्र आरंभापासून संघसूचीतील 66 व्या नोंदीखाली केंद्राकडेच आहे. लखनौ विद्यापीठ 1920 च्या प्रांतिक कायद्याने स्थापन झाले आणि 1921 मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले; राज्यपाल त्याचे कुलपती असतात. आंबेडकर विद्यापीठाचा कायदा संसदेने 1994 मध्ये केला व ते 1996 मध्ये अस्तित्वात आले. राष्ट्रपती त्याचे अभ्यागत असतात. (नामसाधर्म्याने गोंधळ होऊ नये. मराठवाड्यातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे विद्यापीठ राज्य विद्यापीठ आहे. महाराष्ट्रात केंद्रीय दर्जाचे उदाहरण वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठाचे.) पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, 1956 च्या 22 व्या कलमान्वये दोघांनाही सारखाच आहे. स्पर्धा परीक्षेच्या अर्जात या दोन पदव्यांमध्ये भेद केला जात नाही.

खरा फरक पैशाच्या स्रोतात आहे. केंद्रीय विद्यापीठाचा वेतन व देखभाल खर्च प्रामुख्याने आयोगामार्फत केंद्र शासन उचलते. राज्य विद्यापीठाला राज्याच्या अनुदानाखेरीज परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क आणि स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम यांवर विसंबावे लागते. त्यामुळे एकाच विभागात अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांचे शुल्क अगदी वेगवेगळे असू शकते. शिवाय संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा व निकाल यांतच विद्यापीठाची बरीच प्रशासकीय शक्ती खर्ची पडते. लखनौ विद्यापीठाचे कार्यक्षेत्र अलीकडच्या वर्षांत शेजारच्या जिल्ह्यांपर्यंत विस्तारल्याने हा भार वाढला आहे. दुसऱ्या बाजूस, आंबेडकर विद्यापीठात निम्म्या जागा अनुसूचित जाती व जमातींसाठी राखीव आहेत. त्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने प्रवेशाची शक्यता बदलते, आणि खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही.

आता खर्चाचा हिशेब. माहितीपत्रकातील शुल्क हा त्याचा केवळ एक भाग होय. अमौसीहून आंबेडकर विद्यापीठ अंतराने जवळ आहे, पण मेट्रो तेथे जात नाही. ऑटो वा ई-रिक्षा बदलत जावे लागते. लखनौ विद्यापीठ त्याहून दूर असले तरी 2019 मध्ये पूर्ण झालेल्या मेट्रो मार्गावर अमौसी आणि विश्वविद्यालय ही दोन्ही स्थानके आहेत, म्हणजे वाहन न बदलता पोहोचता येते. नकाशावरील अंतर आणि खर्चाचे अंतर असे उलट होऊ शकते. त्यात वैकल्पिक खर्च मिळवावा लागतो. रोजचे दोन तास प्रवासात गेले तर तेवढ्या वेळात करता आलेला अभ्यास किंवा घेता आलेली शिकवणी हीसुद्धा किंमतच आहे. वसतिगृह मिळाल्यास हा हिशेब पुन्हा बदलतो.

वेळापत्रकाचा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सामाईक प्रवेशपरीक्षा आहे, तर लखनौ विद्यापीठ स्वतःची परीक्षा घेत आले आहे. एका ठिकाणचे शुल्क भरण्याची मुदत दुसरीकडच्या निकालाआधी संपली, तर ते शुल्क म्हणजे पर्याय खुला ठेवण्याची किंमत ठरते. प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, हा नियम म्हणूनच आधी वाचावा. साधनसंपन्न कुटुंब ही किंमत सहज मोजते. गरीब कुटुंबाला मात्र पहिला मिळालेला प्रवेशच अंतिम मानावा लागतो. समान संधीची खरी कसोटी येथे लागते, आणि धोरणकर्त्यांनी तिकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

राहता राहिला नावलौकिक. मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये मांडलेल्या संकेत सिद्धांतानुसार पदवी ही नियोक्त्याला उमेदवाराच्या क्षमतेची खूण वाटते. नावाला मूल्य आहे ते यामुळे. परंतु लौकिक संस्थेचा असतो आणि शिक्षण विभागात मिळते. लखनौच्या अर्थशास्त्र विभागाला राधाकमल मुखर्जी आणि धूर्जटी प्रसाद मुखर्जी यांची परंपरा आहे, तरी आज तेथे संख्याशास्त्र व अर्थमिती कोण शिकवते हे त्या परंपरेवरून कळत नाही. केंद्रीय दर्जावरूनही ते कळत नाही. दोन्ही विभागांतील भरलेली व रिक्त अध्यापक पदे, गेल्या तीन वर्षांत निकाल वेळेवर लागले की नाही, ग्रंथालय सायंकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, ही माहिती प्रत्यक्ष जाऊन मिळवता येते. अमौसीच्या विद्यार्थ्याला त्यासाठी दोन दिवस पुरेत.