तिसरी संपण्याआधी वाचता आलं पाहिजे

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की घरोघरी ठरावीक प्रश्नांची चर्चा होते. मीडियम कोणतं घ्यायचं? फी किती? रिक्षा कोणाची लावायची? गणवेश कुठे मिळेल? हे प्रश्न गरजेचे आहेतच. पण प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना एक प्रश्न फार कमी वेळा ऐकायला मिळतो: "माझं मूल वाचतं का, आणि वाचलेलं त्याला समजतं का?" पहिली ते तिसरी या तीन वर्षांत या प्रश्नाचं उत्तर ठरतं आणि पुढची सगळी तालीम त्याच उत्तरावर उभी राहते.

सेक्टरमधला मोहल्ला

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या या बाजूला नवं शहर वसू लागलं. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ पासून अस्तित्वात आली. या शहराची आखणी मोहल्ल्यांनी नव्हे, सेक्टरांनी झाली. कोणाचं मूळ गाव रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यात, कोणी मराठवाड्यातून आलेलं, तर कोणी उत्तर प्रदेशातून. एपीएमसी मार्केट, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, रिक्षा, टेम्पो, शिवणकाम अशी रोजीरोटीची साधनं. घरात दादी-नानी नाही, शेजारी कोण राहतं ते ठाऊक नाही. अशा घरातल्या मुलासाठी शाळा हाच पहिला मोहल्ला असतो.

पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांतून चालतात. परिपाठाला सगळी मुलं एका रांगेत उभी राहतात. शासकीय आणि अनुदानित शाळांत पोषण आहाराला एका पंगतीत बसतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण ठरलेलं आहे. सकाळी चहा-बिस्किटांवर घराबाहेर पडलेल्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती होते. १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. या दिवशी पालकांनी अर्धा तास शाळेत येऊन मुलांना एक गोष्ट वाचून दाखवली तरी मुलं ती वर्षभर विसरत नाहीत.

मिनिटाला ६० शब्द

५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत ठेवली आहे. ही उद्दिष्टं पालकांना माहीत असायला हवीत, म्हणून सोप्या शब्दांत सांगतो.

पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं वाक्य वाचावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या लिहाव्या-वाचाव्यात. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९ पर्यंतच्या संख्या याव्यात. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या याव्यात आणि गुणाकाराची साधी उदाहरणं सुटावीत.

हे घरी तपासायला एक मिनिट पुरतं. मुलाच्या पुस्तकातला धडा मात्र घेऊ नका, कारण तो त्याला पाठ असतो. पानावर बोट ठेवून धडा घडाघडा म्हणणारी मुलं आम्ही रोज पाहतो. तीच ओळ फळ्यावर वेगळ्या क्रमाने लिहिली की ती थांबतात. म्हणून वर्तमानपत्रातलं मुलांचं पान घ्या, गोष्टीचं पुस्तक घ्या. एक मिनिट वाचू द्या, शब्द मोजा, मग त्यातले दोन प्रश्न विचारा. उत्तर घरच्या बोलीत आलं तरी चालेल. अर्थ कळला की नाही, एवढंच पाहायचं आहे. ही शर्यत नव्हे. ५० शब्द वाचून अर्थ सांगणारं मूल ८० शब्द वाचून गप्प राहणाऱ्या मुलाच्या पुढे आहे.

इतकी घाई कशासाठी, असं कोणी विचारेल. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं. चौथीपासून त्याला वाचून शिकायचं असतं. परिसर अभ्यास वाचावा लागतो, गणिताचं उदाहरणही आधी वाचावं लागतं. शिवाय २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वर्षअखेरीस परीक्षा आहे. अपयश आलं तर फेरपरीक्षेची संधी मिळते. तिथेही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. पाचवीत मागे राहिलेल्या मुलाची गळती पुढे मदरशात, गॅरेजमध्ये किंवा घरकामात होते, आणि मुलगी असेल तर तिची शाळा लवकर सुटते. या गळतीची सुरुवात तिसरीत, न वाचता आलेल्या त्या पानापाशी झालेली असते.

दोन लिप्या, एक मूल

आपल्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. घरात उर्दू, दखनी किंवा कोकणी, मकतबमध्ये अरबी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी. एक लिपी उजवीकडून डावीकडे जाते, दुसरी डावीकडून उजवीकडे. कुरआनशरीफमध्ये जबर, जेर, पेश छापलेले असतात. उर्दूच्या पुस्तकात ते बहुधा नसतात, म्हणून शब्द ओळखीचा असावा लागतो. मराठीत काना-मात्रा सगळ्या लिहिलेल्या असतात, त्यामुळे एकदा बाराखडी पक्की झाली की अनोळखी शब्दही वाचता येतो. पालकांनी या सोयीचा फायदा घ्यावा.

अडचणी कुठे येतात, तेही आम्हाला ठाऊक आहे. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून 'शाळा'चं 'शाला' होतं. उर्दूत दोनच लिंगं आहेत आणि 'किताब' स्त्रीलिंगी आहे, म्हणून मूल 'ती पुस्तक' म्हणतं. अशा वेळी हसू नका, रागावू नका. "हो, ते पुस्तक दे" असं बरोबर वाक्य आपण बोललं की पुरे. हे मूल कच्चं नाही, दोन भाषांचे नियम एकदम सांभाळतंय.

मकतबमधली एक पद्धत मात्र घरात आणण्यासारखी आहे. तिथे उस्ताद रोज एकेका मुलाला जवळ बसवून त्याचा सबक ऐकतात. कालचा पक्का झाला असेल तरच आजचा पुढे जातो. ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं वाचन रोज ऐकणं शिक्षकाला शक्य होत नाही. घरात ते शक्य आहे. मगरिबनंतर १० मिनिटं अम्मी किंवा अब्बांनी शाळेच्या भाषेतलाही सबक ऐकावा. आईला लिहिता-वाचता येत नसलं तरी हरकत नाही. मूल वाचेल, आई ऐकेल आणि विचारेल, "मग पुढे काय झालं?" अर्थाचा अभ्यास याच प्रश्नातून होतो.

मुलाचा दिवस किती तासांचा?

शाळा, मकतब, ट्यूशन, मग होमवर्क. सात वर्षांच्या मुलाचा दिवस मोठ्या माणसाच्या नोकरीपेक्षा लांब झाला आहे. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. पण घरात रात्री १२ पर्यंत टीव्ही आणि मोबाइल चालू असेल तर या निर्णयाचा उपयोग काय? रमजानमध्ये तरावीहनंतर उशीर होतोच. निदान बाकीच्या ११ महिन्यांत मुलांची झोपण्याची वेळ ठरलेली असावी.

२०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा. तिसरी ते पाचवीला तो आठवड्याला जास्तीत जास्त २ तासांचा असावा, आणि दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. मूल २० किलोचं असेल तर दप्तर २ किलोचं. एकदा घरच्या काट्यावर ठेवून पाहा.

काही पालक अजूनही आम्हाला सांगतात, "हाडं आमची, चामडी तुमची; मारा पण शिकवा." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी घाबरलेलं मूल वाचताना चुकायला घाबरतं, आणि चुकल्याशिवाय वाचन येत नाही. रोज सकाळी पोट दुखतं, डबा भरलेला परत येतो, खेळकर मूल अचानक गप्प होतं, शाळेचं किंवा ट्यूशनचं नाव काढलं की रडतं, ही लक्षणं बहाणा समजून सोडू नका. शांतपणे विचारा, वर्गशिक्षकांना भेटा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत सखी सावित्री समिती असावी, असा शासनाचा आदेश आहे. ती आपल्या शाळेत आहे का, ते विचारा. १०९८ ही मुलांच्या मदतीची हेल्पलाइन मुलालाही पाठ असू द्या.

एखादं मूल सगळं करूनही अक्षरं ओळखत नसेल, ऐकायला किंवा बघायला त्रास होत असेल, तर त्याला 'मंद' म्हणून घरात बसवू नका, दम करून वेळही घालवू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. दिव्यांग मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणासाठी वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे.

रिकामी खुर्ची

शिक्षण हक्क कायद्याने शासकीय, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. अल्पसंख्याक संस्थांच्या अनुदानित शाळांत ही समिती सल्ला देण्यापुरती आहे, पण सल्ल्यालाही वजन असतं. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो.

म्हणजे निम्म्या खुर्च्या आपल्या बहिणींसाठी राखलेल्या आहेत. प्रत्यक्षात काय होतं? बैठक कामाच्या दिवशी सकाळी ११ ला ठेवली जाते. मार्केटमध्ये हमाली करणारे अब्बा रात्रपाळी करून झोपलेले असतात, धुणीभांडी करणारी अम्मी दुसऱ्यांच्या घरी असते. हजेरीच्या वहीवर सही मात्र नंतर होते. यावर उपाय अवघड नाही. बैठक शनिवारी शाळा सुटताना किंवा रविवारी ठेवा, अशी लेखी मागणी चार आयांनी मिळून करावी. बुरखा घातलेली, मराठी अडखळत बोलणारी आईसुद्धा समितीत पूर्ण सदस्य असते. तिने हिंदीत किंवा उर्दूत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला पाहिजे.

बैठकीत तीनच प्रश्न विचारा. तिसरीच्या वर्गातली किती मुलं अनोळखी पान समजून वाचतात? जी वाचत नाहीत त्यांच्यासाठी रोज किती वेळ वेगळा दिला जातो? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का? दर महिन्याला हेच तीन प्रश्न आले की शाळेला त्यांची उत्तरं तयार ठेवावी लागतात. शिक्षक म्हणून आम्हाला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट बळ मिळतं. जादा शिक्षक, पुस्तकं, दुरुस्ती यांसाठी आमच्या अर्जापेक्षा पालकांचा ठराव लवकर हलतो.

पहिली चाचणी होण्याआधी एवढं करा: घरात एक मिनिटाचं वाचन ऐका, वर्गशिक्षकांना भेटा आणि समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख विचारून ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.