न भरलेल्या रकान्यांचा हिशेब

अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, दर तीन वर्षांनी कुटुंबांच्या संपत्तीची आणि कर्जाची पाहणी करते. पैशांविषयीचे प्रश्न अनेक जण टाळतात, त्यामुळे रकाने रिकामे राहतात. १९८९पासून या पाहणीच्या आकडेवारीत एकेका कुटुंबाच्या पाच ओळी असतात. मिळालेली उत्तरं पाचही ओळींत सारखी असतात. जी मिळाली नाहीत, त्यांच्या जागी प्रत्येक ओळीत बाकीच्या माहितीशी जुळणारा, पण वेगळा अंदाज भरलेला असतो.

एकाऐवजी पाच अंदाज का? रिकाम्या जागी एकच आकडा लिहिला की तो पुढे खऱ्या उत्तराच्या तोऱ्यात वावरतो आणि आपल्याला काही माहीत नव्हतं, याची खूणच उरत नाही. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७०च्या दशकात अशा अनेक अंदाजांनी रकाने भरण्याची, म्हणजे बहुविध भरणीची, कल्पना मांडली आणि १९८७च्या ग्रंथात तिचे नियम पक्के केले. त्यांतला मोलाचा नियम भरण्याचा नाही, भरल्यानंतर निष्कर्ष एकत्र करण्याचा आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अशा रीतीने भरलेल्या माहितीच्या पाच संचांवरून वरच्या रक्तदाबाची सरासरी १२०, १२४, ११८, १२६ आणि १२२ आली. एकत्रित अंदाज १२२. प्रत्येक संचातली प्रमाण त्रुटी २, म्हणजे आतलं विचरण तिचा वर्ग, ४. पण पाच उत्तरं आपसांत जुळत नाहीत. त्यांच्यातलं विचरण १० आहे. संच मोजकेच असल्यामुळे रुबिन त्याला (१ + १/५) ने गुणतात, तेव्हा ते १२ होतं. ४ आणि १२ मिळून १६, म्हणून खरी प्रमाण त्रुटी ४. फक्त आतलं विचरण धरलं तर ९५ टक्क्यांची मर्यादा ११८ ते १२६ दिसते. पूर्ण हिशेब केला, स्वातंत्र्य-मात्रा सुमारे ७ धरल्या, की ती साधारण ११२.५ ते १३१.५ होते. संचांमधला हा मतभेद म्हणजे आपल्या अज्ञानाचं माप आहे, आणि ते फेकून देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तरीही ते फेकलं जातं. कुणी पाच संचांची आधीच सरासरी काढून एकच संच बनवतं, कुणी पाचही ओळी वेगवेगळी कुटुंबं समजून मोजतं. पी-मूल्यांची सरासरी काढणं हाही चुकीचाच मार्ग. शक्यता-गुणोत्तरं लॉगरिदमच्या मापावर एकत्र करून मग परत फिरवावी लागतात. अनेक गुणांकांची एकत्र कसोटी घ्यायची तर १९९०च्या सुमारास ली, रघुनाथन, मेंग आणि रुबिन यांनी वेगळी सूत्रं दिली. लहान नमुन्यांत स्वातंत्र्य-मात्रा अवास्तव मोठ्या येत, ती अडचण १९९९ मध्ये बर्नार्ड आणि रुबिन यांनी दूर केली. भरणीचं प्रतिमान आणि विश्लेषणाचं प्रतिमान एकमेकांशी विसंगत असेल तर काय होतं, हे १९९४ मध्ये शाओ-ली मेंग यांनी दाखवलं.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये २००७ साली हृदयविकाराच्या जोखमीचं ‘क्यूरिस्क’ हे प्रतिमान प्रसिद्ध झालं. कोलेस्टेरॉलच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर गहाळ होत्या, त्या बहुविध भरणीने भरल्या; आणि कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी संबंधच नाही, असं उत्तर आलं. पूर्ण नोंदी असलेल्या रुग्णांत संबंध स्पष्ट दिसत होता, आणि भरणीची पद्धत सुधारल्यावर तो पुन्हा दिसला. रोग झाला की नाही, ही माहिती भरणीच्या वेळी बाजूला ठेवली, तर भरलेल्या आकड्यांत संबंध विरून जातो. पुढे एकत्रीकरण कितीही बिनचूक केलं तरी तो परत येत नाही.

संच किती हवेत? जुना सल्ला तीन ते पाचांचा. संगणक आता स्वस्त झाले आहेत. निम्मी माहिती हरवली असेल तर पन्नास संच करायला हरकत कसली? स्टेफ व्हॅन ब्युरेन यांच्या ‘माइस’सारख्या आज्ञावलीत एकत्रीकरण एका ओळीत होतं.

म्हणून संशोधकांना विनंती: निबंधात किती माहिती गहाळ होती, भरणीत कोणते घटक घेतले, संच किती केले आणि एकत्रीकरण कोणत्या नियमाने केलं, हे चारही तपशील लिहा. वाचकांनो, ते नसतील तर मागा.