घाटात गेलेला मेल

शहाद्याच्या बसस्थानकावर तोरणमाळच्या गाडीची वाट बघता बघता मी फोनवर एक खेळ मांडला. जीमेलचं एकच खातं दोन ॲपमध्ये उघडलं. एक फोनसोबतच आलेलं जीमेल, दुसरं मुद्दाम टाकलेलं थंडरबर्ड. दोन्हीकडे तोच एक मेल ठळक अक्षरांत, म्हणजे न वाचलेला. म्हसावद मागे पडलं, गाडी सातपुड्याला भिडली आणि टॉवरच्या काड्या एकेक करून विझल्या.

घाटात जीमेलमध्ये तो मेल उघडला. मजकूर अख्खा दिसला, सोबतची पीडीएफ मात्र उघडेना. उत्तर लिहून पाठवलं, ते आउटबॉक्समध्ये जाऊन बसलं. मग थंडरबर्ड पाहिलं, तर तिथे मेल अजून ठळकच! दोघं एकाच फोनमध्ये राहतात, पण एकाने वाचलं याचा दुसऱ्याला पत्ता नाही.

परतताना म्हसावदजवळ रेंज आली. उत्तर आपोआप निघून गेलं. थंडरबर्ड ताजं केलं, तर ठळक अक्षरं साधी झालेली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला निरोप दिला, पण तो शेकडो कोस दूरच्या सर्व्हरवरून फिरून आला!

गंमत इथेच आहे. मेल ॲपमध्ये नसतो. तो सर्व्हरवर असतो आणि ॲप त्याची नक्कल दाखवतं. पूर्वी तसं नव्हतं. 1984 साली आलेल्या पॉप पद्धतीत टपाल उचलून आपल्या संगणकावर आणायचं आणि बहुधा सर्व्हरवरून पुसून टाकायचं, असा शिरस्ता होता. 1986 मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप रचलं. टपाल तिथेच राहील, आणि कोणतं वाचलं याची खूणही तिथेच राहील, हा त्याचा गाभा. थंडरबर्ड हीच भाषा बोलतं. जीमेलचं ॲप गूगलशी स्वतःच्या बोलीत बोलतं, पण वही दोघांची एकच.

म्हणून ॲप बदललं तर मेल हरवत नाहीत. बदलतात त्या तीन गोष्टी.

पहिली, फोनवर किती नक्कल ठेवायची. अँड्रॉइडवरचं जीमेल साधारणपणे गेल्या 30 दिवसांचे मेल फोनवर उतरवून ठेवतं. सेटिंगमध्ये हे दिवस वाढवता येतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ज्यांचं येणंजाणं आहे, त्यांनी ही सेटिंग आधी बघावी.

दुसरी, नवा मेल आल्याची वर्दी. इथे घरचं, म्हणजे फोनसोबतच आलेलं ॲप, आणि बाहेरचं यांची अदलाबदल होते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये जीमेल घरचं असतं, आयफोनमध्ये तेच पाहुणं. आयफोनचं घरचं 'मेल' ॲप जीमेलच्या खात्यात ठरावीक वेळाने डोकावून येतं, तर पाहुणं जीमेल मेल येताक्षणी हाक मारतं. आणि 2020 च्या आयओएस 14 पासून पाहुण्याला यजमानाच्या गादीवर बसवायची, म्हणजे नेहमीचं ॲप म्हणून निवडायची, सोयही झाली.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक: किल्ली कोणाच्या हाती? बाहेरचं ॲप जोडताना गूगलचंच पान उघडतं आणि परवानगी विचारतं. पासवर्ड त्या ॲपला कळत नाही, त्याला फक्त एक वेगळी किल्ली मिळते. ही किल्ली गूगल खात्याच्या सेटिंगमधून केव्हाही काढून घेता येते. पण किल्ली घेऊन ॲप करतं काय, हे प्रत्येकाचं निराळं. थंडरबर्ड फोनवरून थेट सर्व्हरकडे जातं. काही ॲप मधे स्वतःचा सर्व्हर बसवतात. 2015 मध्ये मोबाइलवर आलेलं आउटलुक मेलची काही नक्कल आपल्या क्लाउडवर ठेवून झटपट वर्दी द्यायचं. त्यात लबाडी नव्हती, पण टपाल आणखी एका घरातून जात होतं. ते चालणार का, हे ज्याने त्याने ठरवावं.

मी दोन्ही ॲप ठेवलीत. फक्त आता तोरणमाळला निघताना शहाद्यालाच, गाडी लागण्याआधी, पीडीएफ उतरवून घेतो. घाटात ॲप कोणतंही असो, आधी उतरवून घेतलं तेवढंच आपलं.